ग्रहण, काजळ आणि पाळण्यापासून लांब बसलेली मावशी

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. घरात नवरा, सासूबाई, आठ वर्षांची मुलगी आणि चार महिन्यांचा मुलगा. सासूबाई प्रेमळ आहेत, घराला त्यांचा मोठा आधार आहे, पण त्यांचे नियम दिवसभर चालू असतात. दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, रात्री नखं कापायची नाहीत, मांजर आडवं गेलं की थांबायचं, शनिवारी दाराला लिंबू-मिरची. २०२५ च्या ७ सप्टेंबरला चंद्रग्रहण झालं तेव्हा ताई पाच महिन्यांच्या गरोदर होत्या. दुपारी वेध लागल्यापासून त्यांना पाणीही न पिता अंधाऱ्या खोलीत सरळ पडून राहावं लागलं. नवरा तेवढ्यात गच्चीवर जाऊन लाल चंद्राचे फोटो काढून आला. आता बाळाच्या डोळ्यांत रोज काजळ घातलं जातं, संध्याकाळी दृष्ट काढली जाते, मध चाटवायचा आग्रह चालू आहे. नवरा म्हणतो, 'प्रत्येक रूढीमागे शास्त्र आहे,' आणि तसे मेसेज पाठवतो. मुलगी विचारते, 'आजी खोटं बोलते का?' ताईंनी मोकळेपणाने हेही लिहिलंय की बाळंतपणाआधी बाळाचे कपडे आणायला त्यांचाही हात धजावला नाही. सासूबाईंचं पहिलं मूल तीन महिन्यांचं असताना गेलं, ही गोष्ट पत्रात एका ओळीत येऊन जाते. आणि शेवटी हे: 'बारशाला माझी मावशी आली होती. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिचे यजमान तीन वर्षांपूर्वी वारले. बाळाला पाळण्यात घालताना ती आपणहून मागे जाऊन बसली. मी काही बोलले नाही.' ताईंना यादी हवी आहे: कोणत्या रूढीला शास्त्रीय आधार आहे, कोणत्या रूढीला नाही. ती हाताशी असली की घरात ठामपणे बोलता येईल, असं त्यांना वाटतं.

प्रिय ताई,

यादी करून देता येईल, पण ती घेऊन बोलायला गेलात तर पहिल्याच ओळीवर अडाल, अशी मला भीती वाटते. ज्या रूढीमागे कारण सापडेल ती ठेवायची आणि जिच्यामागे सापडणार नाही ती सोडायची, असं तुम्ही धरून चालला आहात. गंमत अशी की तुमचे यजमानही तेच धरून चालले आहेत. तुम्ही म्हणता कारण नाही, ते म्हणतात आहे. हा वाद वर्षानुवर्षं चालू शकतो, कारण बहुतेक रूढींचा उगम कुणी लिहून ठेवलेलाच नाही.

केर काढण्याचंच बघा. चिमणीच्या मिणमिणत्या उजेडात केर काढला तर नथीतला मोती किंवा कानातल्याची फिरकी केराबरोबर उकिरड्यावर जायची, म्हणून अंधार पडल्यावर केरसुणीला हात लावायचा नाही, असं सांगतात. पटण्यासारखं आहे. पण शिंदीच्या पानांची तीच केरसुणी आपण लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहून पुजतो, आणि दिवेलागण ही लक्ष्मी घरात यायची वेळ मानतो. ती दारात येत असताना आपण दारातून काही बाहेर लोटावं हे कुणाला नकोसं वाटलं असेल, त्यातूनही हा नियम आला असेल. दोन्ही शक्य आहे. रात्री नखं कापण्याचं कारण मात्र बहुधा साधंच असावं. नेलकटर यायच्या आधी नखं नराणीने किंवा सुरीने काढत, आणि अंधारात बोट कापलं तर जखम चिघळायची. तेव्हा शहाणपणाची असलेली ही गोष्ट आज ट्यूबलाइटखाली कुणाच्या उपयोगाची नाही. म्हणजे बघा, कारण सापडलं तरी रूढी ठेवायची की सोडायची हा प्रश्न तिथल्या तिथेच राहिला.

यजमानांनी पाठवलेल्या मेसेजांपैकी दोन तुम्ही पत्रात उतरवले आहेत. एक मांजराचा: पूर्वी रात्री बैलगाडीने जाताना मांजराचे चमकणारे डोळे दिसले की बैल बुजायचे, म्हणून थांबायची पद्धत पडली. ऐकायला छान आहे. पण रस्ता मुंगूसही ओलांडतं, आणि मुंगूस दिसणं आपल्याकडे शुभ मानतात. बैलांना हा भेद कसा कळत होता? दुसरा लिंबू-मिरचीचा: दोऱ्यातून लिंबाचा रस वर चढतो आणि हवेतले जंतू मरतात. याला काही पुरावा नाही, आणि आठवडाभर वाळत लटकलेल्या एका लिंबाकडून ती अपेक्षाही करू नये. या रूढीची खरी गोष्ट जुन्या बायकांना ठाऊक असते. लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी, म्हणजे अक्काबाई, तिला आंबट-तिखट आवडतं. ते तिला दारातच मिळालं की ती खाऊन परत फिरते, उंबरा ओलांडत नाही. मला ही गोष्ट आवडते. नको असलेल्या पाहुणीलासुद्धा उपाशी न पाठवणाऱ्या माणसांनी ती रचली आहे. तिला 'जंतुनाशक' असं लेबल चिकटवलं की गोष्टही बिघडते आणि शास्त्रही.

आता ग्रहण, कारण त्या दिवसाचा राग तुमच्या पत्रात अजून ओला आहे, आणि तो योग्य आहे.

ग्रहण म्हणजे सावलीचा खेळ, हे आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहून ठेवलं आहे. चंद्र सूर्याला झाकतो, पृथ्वीची सावली चंद्राला झाकते. तुम्ही हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत असणार. तरी त्या दुपारी तुम्ही पडून राहिलात. त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. पोटात पाच महिन्यांचं बाळ असताना 'काही झालं तर तुझ्यामुळे झालं' हे वाक्य नुसतं हवेत असलं तरी फळ्यावरची आकृती कामाला येत नाही.

गरोदर बाईने ग्रहणात चिरलं, कापलं तर बाळाचा ओठ फाटतो, ही भीती आपल्याकडे घरोघर आहे. तीच भीती मेक्सिकोतही आहे, आणि तीही जुनी. अझ्टेक लोक मानत की ग्रहणात चंद्राला कुणीतरी चावा घेतं, आणि गरोदर बाईने ते पाहिलं तर बाळाच्या ओठालाही तसाच चावा बसतो. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे काळ्या काचेसारख्या दगडाचं धारदार पातं अंगाशी बाळगायचं. आजही तिथल्या अनेक गरोदर बाया ग्रहणाच्या दिवशी पोटाजवळ कपड्याला सेफ्टी पिन लावतात. आपल्याकडे त्याच दिवशी सुई, विळी, सुरी यांतल्या कशालाही हात लावायचा नाही. भीती तीच, पण तिथे धारदार वस्तू बाळाला राखते आणि इथे तीच घात करते. यामागे शास्त्र असतं तर ते दोन्ही देशांत एकच निघालं असतं. खंडोष्ठ, म्हणजे जन्मतः फाटलेला ओठ, बघून कुणाही आईला 'असं का झालं' हा प्रश्न पडणारच. आकाशात तशीच चीर पडलेला चंद्र दिसला आणि माणसांनी दोन्ही चिरा एकमेकींना जोडल्या, असं मला वाटतं.

प्रत्यक्षात बाळाचा वरचा ओठ गर्भारपणाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो. टाळूही नवव्या आठवड्याच्या आसपास मिटते. पाचव्या महिन्यात तुम्ही पोतंभर कांदा चिरला असता तरी त्या ओठाला काही होणार नव्हतं. खंडोष्ठामागे आनुवंशिकता, गर्भारपणातलं धूम्रपान, अपस्माराची काही औषधं अशी कारणं असतात, आणि आज शस्त्रक्रियेने तो छान दुरुस्त होतो. उलट ज्या बारा-तेरा तासांत तुम्हाला पाण्याचा घोट मिळाला नाही, ते तास धोक्याचे होते. गरोदरपणात शरीराला पाणी जास्त लागतं, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या बाईला असा निर्जळी उपास चांगलाच महागात पडू शकतो. हे वाचणाऱ्या प्रत्येक गरोदर मुलीला माझं सांगणं आहे: ग्रहणात घरात बसायला सांगितलं तर बसा, पोथी वाचायला सांगितली तर वाचा, पण खाणंपिणं आणि औषधाची वेळ चुकवू नका. सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी बघण्याची भीती मात्र खरी आहे, त्याने डोळ्याच्या पडद्याला इजा होते. चंद्रग्रहण हवं तेवढं बघावं.

आणि ताई, ग्रहणाचा नियम घरात सगळ्यांना सारखा लागू होता का? पोटातलं बाळ तुमच्या दोघांचं होतं. एकजण ८२ मिनिटांचा तांबडा चंद्र ढगांच्या फटीतून शोधत होता आणि दुसरीला कूस बदलायची मुभा नव्हती. रूढी कुठून आली याचा छडा लागो न लागो, तिची किंमत कोण मोजतं हे डोळ्यांना दिसतं. माझा भर या प्रश्नावर आहे. लिंबू-मिरचीची किंमत शनिवारचे काही रुपये. केराची किंमत, सकाळी थोडा जास्त केर. मांजराची, दोन मिनिटं. यांवर भांडण करून घरातली शांतता घालवू नका.

आता सासूबाईंबद्दल. त्यांचं पहिलं मूल गेलं हे तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले. १९८१ च्या सुमारास भारतात जन्मलेल्या हजार बाळांपैकी ११० बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. आज हा आकडा २५ च्या आसपास आला आहे. सासूबाईंच्या तरुणपणी प्रत्येक आळीत, जवळजवळ प्रत्येक घराच्या नात्यात असं एखादं बाळ होतं, आणि ते का गेलं हे आईला सांगणारं बऱ्याचदा कुणी नव्हतं.

ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिला होता. तिथले कोळी बेटाच्या आतल्या शांत पाण्यात मासे धरायला जात तेव्हा मंत्रतंत्र काही करत नसत. तिथे मासे हमखास मिळत आणि जिवाला धोका नसे. तेच कोळी खुल्या समुद्रात निघाले की होड्यांवर मंत्र, विधी, पथ्यं यांची रीघ लागे. माणसं तीच, अक्कलही तीच. हातात काही नसलं आणि गमावण्यासारखं खूप असलं की माणूस विधी करतो. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ खवळलेल्या दर्यालाच अर्पण करतात, गावतळ्याला नाही.

तान्हं मूल हा सासूबाईंचा खुला समुद्र आहे. तो एकदा त्यांनी पाहिला आहे. तुम्हीही बाळाचे कपडे आधी आणले नाहीत, तेव्हा त्याच पाण्यात पाय बुडवून आलात. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला असं वाटूच नये, असा काही नियम नाही.

याच भीतीतून आपल्याकडे दगडू, धोंडू, भिकू, केरू अशी नावं ठेवली गेली. आधीची मुलं गेली की पुढच्याचं नाव मुद्दाम टाकाऊ ठेवायचं, म्हणजे काळाची नजर त्याच्यावर पडणार नाही. ते नाव हाक मारणाऱ्याच्या तोंडी मायेचं असायचं. पण त्याच साच्यातली दुसरी रूढी बघा. मुलीच मुली झाल्या की शेवटच्या मुलीचं नाव 'नकुसा' ठेवायचं, म्हणजे पुढे मुलगा होईल. ती मुलगी हजेरीपटावर, रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेत 'नको असलेली' म्हणून वावरते. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली. मुलींनी आपापली नवी नावं निवडली. दगडू आणि नकुसा, दोन्ही नावं एकाच धास्तीतून आली. उगम शोधत बसलो असतो तर दोन्ही एकाच खान्यात पडली असती.

बाळाकडे येते.

मध बंद. यावर तडजोड नको. एक वर्षाखालच्या बाळाला मधातून बोट्युलिझम नावाचा गंभीर विकार होऊ शकतो. शुद्ध मधानेही, घरच्या पोळ्याच्या मधानेही होऊ शकतो, थेंबभर चाटवला तरी. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय घुटी, पाणी, काहीच द्यायचं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तेवढं अपवाद.

काजळ डोळ्यांत नको. बोटावरचे जंतू डोळ्यात जातात, अश्रूंची बारीक नळी चोंदू शकते, आणि बाजारातल्या काही काजळ-सुरम्यांत शिसं सापडलं आहे. पण सासूबाईंना काजळाचा डबा फेकायला सांगू नका. घरी एरंडेलाच्या दिव्यावर धरलेल्या काजळाचं बोट कानामागे, तळपायाला लावू दे. गालावर लावलं तर बाळ हाताने पुसून डोळ्यात नेतं. त्यांना बाळाला दृष्टीपासून राखायचं आहे, आणि दृष्ट लागू नये म्हणून लावलेला ठिपका तळपायावर असला तरी त्यांच्या हिशेबाने काम करतो.

दृष्ट काढू दे. संध्याकाळी तान्ही बाळं किरकिरतात. हे रडणं जन्मानंतर साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप उतरतं. आजी मीठ-मोहऱ्या-मिरच्या मुठीत घेऊन बाळावरून उतरवते, 'आल्यागेल्याची, पापी-चांडाळाची, इडापिडा टळो' असं पुटपुटते, आणि अर्ध्या तासाने बाळ निवतं. ते तसंही निवलं असतं. पण एक थकलेली आई, एक शांत झालेली खोली आणि बाळाकडे एकटक बघणारी आजी यांनीही काही होत असेल, ते मी नाकारणार नाही. दोनच अटी घाला. मिरच्या अंगणात जाळायच्या, बाळाच्या खोलीत धूर नको. आणि बाळाला ताप असला, ते दूध ओढत नसलं किंवा मलूल पडलं असलं तर आधी डॉक्टर, घरी आल्यावर दृष्ट. हा क्रम सासूबाईंकडून एकदा कबूल करून घ्या. 'दृष्ट काढू नका' म्हणालात तर त्या चोरून काढतील आणि आजारपणही लपवतील, याची मला जास्त काळजी वाटते.

हे सगळं त्यांना सांगायचं कुणी? तुम्ही नाही. बाळाच्या पुढच्या तपासणीला सासूबाईंना बरोबर न्या आणि डॉक्टरांना आधीच फोन करून सांगा की मध आणि काजळाचा विषय त्यांनीच काढावा, आजींकडे बघून काढावा. शक्य झालं तर डॉक्टरांसमोर सासूबाईंना त्यांच्या पहिल्या बाळाबद्दल बोलू द्या. काय झालं होतं, कसं गेलं. इतक्या वर्षांत कुणी त्यांना ते विचारलं असेल असं मला वाटत नाही. त्या वेळी काय घडलं असावं हे एखाद्या डॉक्टरने समजावून सांगितलं, त्यात त्यांची काही चूक नव्हती हे त्यांच्या कानांवर पडलं, तर त्याचा उपयोग माझ्या दहा पत्रांपेक्षा जास्त होईल.

आणि तपासणीला यजमानांनीही यावं. त्यांच्या मेसेजांचा राग येणं साहजिक आहे, पण मला त्यात एक अवघडलेला मुलगा दिसतो. आई चुकते असं म्हणवत नाही, बायको चुकते असंही म्हणवत नाही, मग 'शास्त्र आहे' असं म्हटलं की दोघींची तोंडं बंद होतात. त्यांना एवढंच सांगा: मेसेज खरे की खोटे यावर मला वाद घालायचा नाही, पण मधाचं आईंशी तू बोलायचंस. आईला दुखावण्याचा धोका आजवर फक्त सुनेने घेतला आहे, आता मुलाने घ्यावा.

मुलीचा प्रश्न मला फार आवडला. 'आजी खोटं बोलते का?' याला 'हो' म्हणू नका, कारण आजी खोटं बोलत नाही. तिला जे खरं वाटतं ते ती सांगते. 'नाही' म्हणूनही सोडू नका. असं म्हणा: 'आजीला आपली काळजी वाटते. ती म्हणते तसं होतं का, ते आपण बघू या.' आणि खरंच बघा. एक वही करा. मांजर आडवं गेलं, पाल चुकचुकली, आईचा डोळा फडफडला, की तारीख घालून लिहायचं, आणि त्या दिवशी रात्री झोपताना दिवस कसा गेला ते लिहायचं. मुख्य म्हणजे यांतलं काहीच झालं नाही त्या दिवसांचीही नोंद ठेवायची. माणूस चुकतो तो इथेच. मांजर आडवं गेल्यावर पेपर अवघड गेला तर ते जन्मभर आठवतं, सोपा गेला तर मांजर विसरलं जातं. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये कबुतरांवरच्या एका प्रयोगाची हकिकत छापली. कबुतरं काहीही करोत, ठरावीक वेळाने त्यांना दाणे मिळत. काही दिवसांत एक कबुतर स्वतःभोवती गिरक्या घ्यायला लागलं, दुसरं पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात डोकं खुपसायला लागलं. दाणे आले तेव्हा जे चालू होतं, त्यामुळेच ते आले अशी जणू त्यांची खात्री पटली होती. आठ वर्षांच्या मुलीला ही गोष्ट बरोबर कळते, आणि तुमच्या नववीच्या वर्गालाही कळेल.

त्या वहीच्या मागच्या पानांवर आजीला विचारून लिहायचं: हे तुला कुणी सांगितलं? तुझ्या आईने की सासूने? तेव्हा घरात दिवा कसला होता? तिकडे तमिळनाडूत अमावास्येला नवं काम सुरू करणं शुभ मानतात, आपण का टाळतो? यात आजीला उघडं पाडायचं नाही. तिच्याकडे जे आहे ते तिच्याबरोबरच संपेल, म्हणून लिहून घ्यायचं. २ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे, पावसाळी ढगांनी उसंत दिली तर. तेव्हा मुलगी दहाच्या आसपास असेल. प्रमाणित ग्रहणचष्मे आधी मागवून ठेवा, किंवा पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याची कोर भिंतीवर पाडा. आजीला गच्चीवर बोलावून बघा. नाही आली तर नाही.

आता मावशी. पत्राचा सगळा भार त्या शेवटच्या चार ओळींवर आहे, ताई, आणि तुम्हालाही ते माहीत आहे. वरच्या सगळ्या गोष्टींत थोडं सोडायचं, थोडं धरायचं असं चालेल. इथे चालणार नाही. नवरा वारलेल्या बाईचा हात बाळाला अशुभ, ही समजूत कुठून आली याच्या थिअऱ्या पुष्कळ मिळतील. मला त्यांत रस नाही. आई नसलेल्या मुलीला जिने न्हाऊमाखू घातलं, तिलाच त्या मुलीच्या बाळाच्या पाळण्यापाशी जागा नव्हती.

कुणी तिला हात धरून उठवलं नाही. ती आपणहून मागे गेली. त्यामुळे सासूबाईंना एकट्याला यात धरू नका. तिथे जमलेल्या प्रत्येकीला ती मागे का बसली हे कळत होतं, आणि कुणीच 'पुढे ये' म्हटलं नाही. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्यानंतर राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. असं गाव एका रात्रीत बदलत नाही, हे खरं आहे. पण एकदा कुणीतरी मोठ्याने म्हटलं की पुढच्या कार्यक्रमात गप्प बसणं अवघड होतं.

तुमचा पुढचा कार्यक्रम उष्टावणाचा. बाळ सहा महिन्यांचं होईल तेव्हा मामा पहिला घास भरवेल. दुसरा घास मावशीने भरवावा. पण ते ऐन वेळी सगळ्यांसमोर जाहीर करू नका. लोकांनी कुजबुजलेलं तिला ऐकावं लागेल, आणि तुमच्या धाडसाची किंमत पुन्हा तीच मोजेल. आधी तिला फोन करा. बारशाला मी बोलायला हवं होतं, हे तिला सांगा. मग विचारा, 'तुला भरवायला आवडेल का?' ती नको म्हणण्याची शक्यता मोठी आहे, 'उगाच कशाला, बाळाला काही झालं तर' असंही म्हणेल. तिलाही ते खरं वाटत असू शकतं. तेव्हा वाद न घालता तिला चार दिवस आधी राहायलाच बोलवा. बाळ तिच्या मांडीवर झोपू दे, तिच्या हातची मालिश होऊ दे, सासूबाईंसमोर होऊ दे. चार दिवस हातांत खेळलेल्या बाळाला पाचव्या दिवशी घास भरवायला ती कदाचित अडणार नाही. आणि सासूबाईंशी याबद्दल एकदा एकटीने बोला, यजमानांना मध्ये न घालता. त्यांना विचारा, 'तुमचं बाळ गेलं तेव्हा कुणी तुमच्या पायगुणाला बोल लावला होता का?' मला उत्तर माहीत नाही. पण त्या पिढीतल्या फार बायांना हे ऐकावं लागलं आहे, आणि ज्यांनी ऐकलं आहे त्यांना मावशी का मागे बसली ते समजावून सांगावं लागत नाही.

हे वाचणाऱ्या काही घरांत गोष्ट लिंबू-मिरचीच्या पुष्कळ पुढे गेलेली असते, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी अनेक वर्षं खर्ची घातली, आणि त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांतच त्याचा वटहुकूम निघाला. घरच्या घरी दृष्ट काढणं या कायद्यात येत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, कुणाला चेटकीण ठरवून छळणं, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता गंडेदोरे बांधणं, हे येतं. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. तक्रार जवळच्या पोलिस ठाण्यात करता येते. पण आधी माणसाला दवाखान्यात पोचवा, तक्रार नंतर.